चोर सोडून संन्याशाला शिव्या: लेखकांचा संप आणि माझे लाडके शो

मागच्या आठवड्यात आवराआवर करताना जुनी हार्ड डिस्क सापडली, लावून बघितली तर चक्क चालू झाली, आणि आत 'हिरोज' या अमेरिकन मालिकेचा फोल्डर. (कुठून आला होता ते विचारू नका, तेव्हा सगळेच तसे बघायचे.) पहिल्या सीझनमध्ये २३ फाईली आणि दुसऱ्यात फक्त ११. तो ११चा आकडा बघितला आणि एकदम आठवलं, याच अकरा फाईलींवरून मी माझ्या मावसभावाचं डोकं खाल्लं होतं. "दादा, तू मला अर्धाच सीझन दिलायस, बाकीचा कुठे गेला?" आणि तो बिचारा शपथेवर सांगतोय की अगं एवढाच आहे, पुढे थेट तिसरा सीझन. माझा विश्वासच बसेना.

कारण तो सीझन संपल्यासारखा संपतच नाही. आख्खा वेळ एका विषाणूची भीती घालतात, जगातली बहुतेक माणसं मरणार वगैरे, शेवटच्या भागात त्या विषाणूची कुपी हातातून निसटते, आता पडणार, फुटणार, आणि पीटर ती जमिनीवर पडायच्या आत अडवतो आणि हातातल्या हातात जाळून टाकतो. झालं. एवढ्या दिवसांचं टेन्शन दोन सेकंदात खलास. मी त्या लेखकांना ज्या काही शिव्या घातल्यात तेव्हा! यांना काही सुचत नाहीये, पहिला सीझन चुकून चांगला झाला असेल, असं काय काय. आणि गंमत म्हणजे तो भाग तिकडे टीव्हीवर लागला तेव्हा ते लेखक लॉस एंजेलिसमध्ये स्टुडिओच्या गेटबाहेर हातात पाट्या घेऊन गोल गोल फिरत होते, हे मला कळलं कितीतरी वर्षांनी.

तर हे असं झालं होतं. ५ नोव्हेंबर २००७ ला रायटर्स गिल्ड ऑफ अमेरिका या लेखकांच्या संघटनेचे जवळजवळ १२,००० लेखक संपावर गेले आणि १२ फेब्रुवारी २००८ पर्यंत, म्हणजे १०० दिवस, त्यांनी एक ओळ लिहिली नाही. 'हिरोज'चा तो सीझन २४ भागांचा ठरला होता. मूळ शेवटात कुपी खरंच फुटते, विषाणू पसरतो आणि पुढचे सगळे भाग त्यावरच होते, तसा शेवट शूटसुद्धा झाला होता. पण संप होणार असं दिसायला लागल्यावर यांनी विचार केला की अकरावा भाग हाच शेवटचा ठरला तर प्रेक्षकाला तसं अधांतरी कसं सोडायचं, म्हणून शेवट बदलून कुपी झेलायला लावली. म्हणजे ज्या सीनवरून मी इतकी चिडले तो सीन खरं तर माझ्यावर दया म्हणून केलेला होता! आता बोला.

(प्रामाणिकपणे सांगायचं तर सगळं खापर संपावर फोडता येणार नाही. टिम क्रिंग, ज्याने तो शो काढला, त्याने संपाच्या सुरुवातीलाच एका मुलाखतीत कबूल केलं होतं की गोष्ट फार रेंगाळली, हिरो नावाच्या त्या पात्राला जुन्या जपानात इतका वेळ ठेवायला नको होतं. म्हणजे सीझन आधीच ढेपाळला होता. पण दुरुस्त करायला पुढचे तेरा भाग होते ना हातात, ते गेले.)

तेव्हापासून मला हा नादच लागलाय. कुठल्याही अमेरिकन शोचा २००७-०८चा सीझन दिसला की मी आधी भाग मोजते. झाडाच्या खोडातल्या वर्तुळांवरून म्हणे दुष्काळाचं वर्ष कळतं, तसंच आहे हे. 'ब्रेकिंग बॅड'चा पहिला सीझन, ७. 'लॉस्ट'चा चौथा, १४. 'प्रिझन ब्रेक'चा तिसरा, १३. 'सुपरनॅचरल'चा तिसरा, १६. 'बिग बँग थिअरी'चा पहिला, १७. सगळीकडे तोच दुष्काळ.

आता लेखकांनी लिहायचं थांबवलं की टीव्ही लगेच काळा पडतो का, तर नाही, आणि तीच खरी गोची आहे. सगळ्यात आधी मरतात रात्रीचे गप्पांचे कार्यक्रम, कारण त्यांचे विनोद त्याच दिवशी लिहिलेले असतात, त्यांच्याकडे साठा नसतो. ते पहिल्या रात्रीपासून बंद, जुने भाग परत लावायचे. मग कॉमेडी, त्यांचे दोन-चार भाग शूट झालेले असतात. मग एक तासाचे ड्रामा, ते अजून थोडे टिकतात. आणि सगळ्यात शेवटी सिनेमे, तिथे परिणाम दिसायला वर्ष जातं. म्हणजे विहीर आटल्यावरही टाकीत असतं तेवढं पाणी नळाला येत राहतं. आणि आपल्याला वाटत असतं की काही झालंच नाहीये.

दुसरी एक गोष्ट मला माहितीच नव्हती. मला वाटायचं स्क्रिप्ट लिहून झालं की लेखकाचं काम संपलं. तसं नसतं तिकडे. टीव्हीवर शोचा सर्वेसर्वा म्हणजे शोरनर, आणि तो बहुतेक वेळा मुळात लेखकच असतो, पण निर्माताही असतो. सेटवर एखादा डायलॉग तोंडात बसत नाही, लोकेशन मिळालं नाही, कुणी आजारी पडलं, तर तिथल्या तिथे सीन बदलायला लेखक लागतो. संपात हे सगळं बंद. ओळीतला एक शब्द बदलायचा तरी नियम मोडतो. एडिटिंगला बसायचं की नाही, कारण ते निर्मात्याचं काम, पण तिथे बसून डोक्यातला लेखक बंद कसा करायचा? २००७ ला गिल्डची घोषणाच होती, पेन्सिल्स डाऊन. कित्येक शोरनर स्वतःच्याच सेटच्या बाहेर पाटी घेऊन उभे होते.

'द ऑफिस'चं तर अजूनच भारी. तिथे रायन, केली आणि टोबीचं काम करणारे तिघंही त्या शोचे लेखक! बी. जे. नोवाक, मिंडी केलिंग आणि पॉल लीबरस्टीन. ते गेटबाहेर. आणि स्टीव्ह करेल म्हणजे आपला मायकल स्कॉट, तो कामावर आलाच नाही, पिकेट लाईन, म्हणजे गेटवरची संपकऱ्यांची रांग, ओलांडणार नाही म्हणून. मग शूट कुणाला घेऊन करणार, बंदच पडलं. १५ नोव्हेंबर २००७ नंतर नवीन भाग आला तो थेट १० एप्रिल २००८ ला, आणि तो कुठला माहितीये? 'डिनर पार्टी'! मायकल आणि जॅनच्या घरी जेवायला जातात तो. मी तो भाग किती वेळा बघितलाय याचा हिशोब नाही, पण त्याच्या आधी पाच महिन्यांचं भगदाड आहे हे एकदाही जाणवलं नव्हतं, कारण मी सलग बघितला होता, पुढचा भाग आपोआप सुरू होतो ना.

याच शोचे लेखक तेव्हा एका व्हिडिओत सांगत होते की आम्ही इंटरनेटसाठी छोटे भाग लिहिले, त्यांना एमी अवॉर्डसुद्धा मिळालं, पैसे मात्र मिळाले नाहीत, कारण कंपनी म्हणते ही जाहिरात आहे. भांडणाचं मूळ हेच होतं. पूर्वी व्हिडिओ कॅसेटच्या जमान्यात ठरलेला दर डीव्हीडीलाही तसाच लावला होता, एका डीव्हीडीमागे लेखकाला साधारण ४ सेंट, आणि इंटरनेटचं तर काही ठरलेलंच नव्हतं. कंपन्या म्हणायच्या आत्ता कुठे सुरुवात आहे, बघू पुढे. लेखक म्हणाले एकदा ४ सेंटवर फसलो, आता परत नाही. आज स्ट्रीमिंगचं जग बघितलं की कळतं कोण बरोबर होतं ते.

पण मला खरं दुःख आहे ते वेगळ्या शोंचं. शाळेच्या फुटबॉल टीमवरच्या 'फ्रायडे नाईट लाईट्स'चा दुसरा सीझन बघितलाय का कुणी? २२ भाग ठरले होते, १५ वर थांबला. थांबला म्हणजे रस्त्यात गाडी बंद पडावी तसा. टीमचं त्या वर्षी पुढे काय झालं ते पडद्यावर आलंच नाही, तिसरा सीझन सुरू होतो तेव्हा मधले महिने निघून गेलेले. आणि सँटियागो नावाचा एक मुलगा होता, बडी गॅरिटी त्याला स्वतःच्या घरी ठेवून घेतो, टीममध्ये आणतो, छान चाललं होतं त्याचं, आणि तिसऱ्या सीझनमध्ये तो नाहीच! कुणी त्याचं नावसुद्धा काढत नाही. मी मागे जाऊन शोधत बसले की आपण एखादा भाग चुकवला की काय. आता या सीझनमध्ये तो लँड्री आणि टायराचा खुनाचा ट्रॅक होता, अतिशय भयंकर, तो मात्र संपाच्या आधीचाच आहे हं, तिथे लेखकांना घातलेल्या शिव्या मी परत घेणार नाही.

आणि 'पुशिंग डेझीज'. हा विषय निघाला की दादा अजूनही हळवा होतो. पाय (तो तिकडचा गोड पदार्थ) बनवणारा एक मुलगा, मेलेल्याला हात लावला की तो जिवंत होतो, परत लावला की कायमचा मरतो, आणि त्याची लहानपणची आवडती मुलगी त्याने जिवंत केलेली असते, म्हणजे आता तिला जन्मात हात लावायचा नाही. काय रंग होते त्या शोमध्ये! २००७ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाला, लोकांना आवडला, आणि डिसेंबरमध्ये नऊ भागांवर थांबला. बाकीचे बरेच शो संप मिटल्यावर मार्च-एप्रिलमध्ये परत आले, याला मात्र चॅनेलने थेट पुढच्या ऑक्टोबरमध्ये आणायचं ठरवलं. दहा महिने! तोपर्यंत लोक विसरले. नवीन शोचं नवीन लग्नासारखं असतं, पहिल्याच वर्षी दहा महिने लांब राहून कसं चालेल. दुसरा सीझन १३ भागांचा झाला आणि शो बंद, त्यातले शेवटचे तीन भाग चॅनेलने कसेबसे २००९ च्या उन्हाळ्यात उरकून टाकले. तिकडच्या बातम्यांमध्ये कारण काय तर प्रेक्षकसंख्या घसरली. अरे घसरली म्हणजे काय, तुम्हीच ढकललीत ना!

प्रेक्षक म्हणून आपल्याबद्दलही इथे थोडं बोललं पाहिजे. आपण काही फार निष्ठावंत वगैरे नसतो. सवय असते नुसती. अमुक दिवशी अमुक वेळी बसायचं. ती सवय तीन महिने मोडली की आपण दुसरं काहीतरी शोधतो आणि मग परत येतोच असं नाही. '२४'मधल्या जॅक बाऊरसारखा गडी असला तर लोक थांबतात. '२४'चा सातवा सीझन जानेवारी २००८ ला येणार होता, आठ भाग शूटही झाले होते, पण चॅनेलला तो सलग दाखवायचा होता म्हणून आख्खं एक वर्ष पुढे ढकलला, जानेवारी २००९ ला आला. मध्ये नोव्हेंबरमध्ये एक दोन तासांचा सिनेमा दिला, उपाशी माणसाला शेंगदाणे द्यावेत तसा. लोक थांबले त्याच्यासाठी, पण त्याचे आधी सहा सीझन झालेले होते. पाय बनवणाऱ्या मुलाची ती पत नव्हती.

बरं, भोकं बुजवायला चॅनेलनी काय काय लावलं ते बघितलं तर हसू येतं. सीबीएसने 'बिग ब्रदर' एरवीचा उन्हाळा सोडून भर फेब्रुवारीत आणलं. आणि 'डेक्स्टर' माहितीये ना, तो पोलिसांत काम करणारा सिरियल किलर, तो मुळात पैसे भरून बघायच्या चॅनेलचा शो, तो यांनी शिव्या आणि रक्त कापून साध्या चॅनेलवर लावला. डेक्स्टरमधून रक्त कापायचं! त्याचं कामच रक्ताचे डाग तपासायचं आहे हो.

रात्रीच्या कार्यक्रमांची तर वेगळीच मजा. दोन महिने बंद राहून २ जानेवारी २००८ ला बरेचसे परत आले. लेटरमनची स्वतःची कंपनी होती, त्याने गिल्डशी वेगळा करार करून आपले लेखक परत आणले. कॉनन ओब्रायनला लेखकांशिवाय यावं लागलं. हे दोघंही संपातली दाढी वाढवून आले. कॉननने मग काय केलं, वेळ काढायला टेबलावर स्वतःची लग्नाची अंगठी भोवऱ्यासारखी फिरवायची आणि ती किती सेकंद फिरते ते मोजायचं! देशातल्या मोठ्यात मोठ्या चॅनेलवर एक उंच लाल केसांचा माणूस अंगठी फिरवतोय आणि लोक श्वास रोखून बघतायत. लेखकाची किंमत काय असते हे त्या अंगठीइतकं स्पष्ट कुणी सांगितलं नसेल. जॉन स्टुअर्टने तर 'द डेली शो'चं नाव बदलून 'अ डेली शो' केलं, म्हणजे लेखक नाहीत तोपर्यंत हा तो शो नव्हे, असाच कुठलातरी एक शो आहे. आणि गोल्डन ग्लोबचा सोहळा, ते गाउन, रेड कार्पेट, सगळं रद्द होऊन १३ जानेवारीला एक पत्रकार परिषद झाली, नावं वाचून दाखवली, घरी जा. कलाकारांनी सांगितलं होतं आम्ही पिकेट लाईन ओलांडून येणार नाही.

आता दुसरी बाजू, कारण नुसतं रडगाणं गाण्यात अर्थ नाही. 'ब्रेकिंग बॅड'चा पहिला सीझन नऊ भागांचा होता, सातच झाले. विन्स गिलिगनने नंतर सांगितलंय की उरलेल्या दोन भागांत त्याच्या डोक्यात फार मोठा धमाका होता आणि तो झाला नाही हे बरंच झालं, कारण मग वॉल्टरला हळूहळू बिघडू देता आलं. विचार करा, त्या शोची सगळी गंमतच त्या हळूहळूमध्ये आहे. आणि 'लॉस्ट'. त्यांचा शेवट आधीच ठरलेला होता, प्रत्येकी १६ भागांचे तीन सीझन आणि मग संपवायचं. संपामुळे चौथ्यात १४ च झाले, राहिलेले तास पुढच्या दोन सीझनमध्ये वाटून टाकले. मला तरी 'लॉस्ट'चा सगळ्यात घट्ट सीझन तोच वाटतो, इकडे तिकडे भटकायला वेळच नाही त्यात कुणाला. (त्या शेवटावरून भांडायचं असेल तर दुसरीकडे भांडू.)

म्हणजे कात्री कुठेही लागू शकते. कुठे वाळलेली फांदी गेली, कुठे कळीच गेली. आणि कात्री चालवणाऱ्याला झाडाची काही पडलेली नव्हती.

हे काही पहिल्यांदा झालं नव्हतं म्हणा. १९८८ ला पाच महिने संप चालला होता, मार्च ते ऑगस्ट. तेव्हा 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन'चा दुसरा सीझन सुरू करायला गोष्टच नव्हती, तर त्यांनी सत्तरच्या दशकात न झालेल्या दुसऱ्याच एका 'स्टार ट्रेक'साठी लिहिलेली स्क्रिप्ट धूळ झटकून काढली, आणि सीझन संपवला तो जुन्या भागांचे तुकडे जोडून. 'मिशन: इम्पॉसिबल' तर जुन्याच स्क्रिप्ट घेऊन ऑस्ट्रेलियात जाऊन परत शूट केलं. फ्रिजमधलं काल-परवाचं एकत्र करून नवीन नावाने वाढायचं, तसं.

मग २०२३. २ मे ला परत संप, साडेअकरा हजार लेखक, आणि १४ जुलैला कलाकारसुद्धा संपावर गेले. लेखक आणि कलाकार दोघंही एकाच वेळी, असं १९६० नंतर पहिल्यांदा झालं. लेखकांचा संप १४८ दिवस चालला, २७ सप्टेंबरला मिटला, कलाकारांचा नोव्हेंबरमध्ये. २००७ पेक्षा कितीतरी मोठं प्रकरण. आणि मला घरात बसून काय जाणवलं? खरं सांगू? काहीच नाही. तीन ॲप, प्रत्येकात न बघितलेल्या गोष्टींची रांग, कोरियन आहे, स्पॅनिश आहे, ब्रिटिश आहे. तिकडच्या चॅनेलना भोकं पडली, सीबीएसने यावेळी 'घोस्ट्स'ची मूळ ब्रिटिश आवृत्ती लावली आणि 'यलोस्टोन' आणलं, पण मला थोडंच चॅनेल बघायचंय.

त्या उन्हाळ्यात सगळं जग काय बघत होतं, तर 'सूट्स'. २०१९ ला संपलेला शो, नेटफ्लिक्सवर आला आणि वेड्यासारखा चालला, २०२३ मध्ये तिकडे ५७ अब्ज मिनिटांच्या वर बघितला गेला. मीही त्यात आहे, माझी लाज काढू नका, हार्वे स्पेक्टर आहे शेवटी. आणि त्याच वेळी त्या शोच्या एका लेखकाने पेपरात लिहिलं की पहिल्या सीझनच्या भागांचे जे सहा लेखक, त्यांना सगळ्यांना मिळून एका तिमाहीचे स्ट्रीमिंगचे ३,००० डॉलरसुद्धा मिळाले नाहीत. सगळ्यांना मिळून! ते वाचलं आणि मला कसंतरीच झालं. म्हणजे ज्याच्यासाठी ते उन्हात उभे आहेत तेच मी घरात पंखा लावून बघतेय, आणि मी जितकं जास्त बघीन तितकं कंपनीला संप लांबवणं सोपं, कारण प्रेक्षक हलतच नाहीयेत. २००७च्या संपात निदान माझे शो बंद पडल्यावर मी चिडले तरी होते.

जुन्या पद्धतीत एखादा भाग परत दाखवला की लेखकाला परत पैसे मिळायचे, रेसिड्युअल्स म्हणतात त्याला. दोन नोकऱ्यांच्या मधले महिने त्यावर निघायचे. स्ट्रीमिंगमध्ये "परत दाखवणं" असं काही उरलंच नाही, शो तिथे कायमच पडून असतो, तो किती चालला हे कंपनी सांगणार नाही, आणि ठरलेली एक रक्कम मिळणार, दहा माणसांनी बघा नाहीतर दहा कोटींनी. शिवाय पूर्वी २२ भागांचा सीझन म्हणजे वर्षभराची नोकरी, आता आठ भाग. मिनी रूम नावाचा प्रकार आला, म्हणजे शो होणार की नाही हे ठरायच्या आधीच तीन-चार लेखकांना काही आठवडे बसवून सगळं लिहून घ्यायचं आणि घरी पाठवायचं. शूटिंगला यायचं नाही. म्हणजे सेटवर उभं राहून काम शिकणारा पुढचा शोरनर तयार होणार कुठून? 'द बेअर'च्या एका लेखकाची गोष्ट तेव्हा खूप गाजली, गिल्डचं अवॉर्ड घ्यायला गेला तेव्हा त्याचं बँक खातं मायनसमध्ये होतं आणि गळ्यातला बो टाय उधारीवर घेतलेला.

आणि वरून एआय. तेव्हा लोक हसले होते, एवढ्यात कशाला घाबरताय म्हणून. २००७ ला इंटरनेटबद्दल पण असंच म्हणाले होते, लेखक काही ते विसरले नव्हते.

एक छोटा किस्सा सांगायचा मोह होतोय. जुलैच्या उन्हाळ्यात युनिव्हर्सल स्टुडिओच्या बाहेर, संपकरी ज्या झाडांच्या सावलीत चालायचे, त्या झाडांचा अचानक पार शेंडाबुडखा छाटला. कंपनी म्हणाली आम्ही दरवर्षीच छाटतो, हेतू तसा नव्हता. नंतर निघालं की झाडं शहराची, परवानगी घेतलेलीच नाही, आणि दंड किती तर २५० डॉलर. हा सीन कुठल्या मालिकेत लिहिला असता तर मी म्हटलं असतं, काय बटबटीत व्हिलन आहे!

तर मला तेव्हा काही जाणवलं नाही असं म्हटलं, पण टाकीचं पाणी संपायला वेळ लागतो ना. बिल आलं २०२४ मध्ये. 'ॲबट एलिमेंटरी' ज्याचे आदल्या सीझनला २२ भाग होते त्याचे १४ आले. 'स्ट्रेंजर थिंग्ज'चा चौथा सीझन २०२२ च्या जुलैमध्ये संपलेला, पाचवा आला २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये. सगळाच उशीर संपाचा नाही, पण संप सुरू झाला तेव्हा तो शो काढणाऱ्या डफर बंधूंनी सरळ सांगितलं होतं की शूटिंग सुरू झालं म्हणजे लिखाण संपत नाही, त्यामुळे आम्ही थांबतोय. तोपर्यंत ती पोरं कॉलेज संपवलेल्या वयाची झाली. आणि काही शो नुसतेच गायब. 'द पेरिफेरल', मला आवडलेला, दुसरा सीझन मंजूर झाला होता, तो ऑगस्ट २०२३ मध्ये रद्द केला, 'अ लीग ऑफ देअर ओन'चंही तेच. कारण सांगितलं संप. आता हे खरंच संपामुळे की आधीच नको होते आणि संपाचं निमित्त मिळालं, हे मला तरी ठरवता येत नाही, पण माझं मत विचाराल तर निमित्तच.

आणि यावेळी भाग मोजून काही कळतच नाही. सगळेच सीझन आठचे. दुष्काळी वर्षाचं आणि सुकाळाचं वर्तुळ एकसारखंच दिसतं. दोन सीझनमध्ये तीन वर्षं गेली तर ते संपामुळे की असंच, कोण सांगणार.

लेखकांना मिळालं बऱ्यापैकी. मोठ्या शोसाठी किमान किती लेखक ठेवायचे ते ठरलं, एआयने लिहिलेलं लेखकाचं लिखाण म्हणून चालणार नाही हे आलं, आणि एखादा शो पहिल्या ९० दिवसांत त्या स्ट्रीमिंग कंपनीच्या तिकडच्या २० टक्के सदस्यांइतक्या लोकांनी बघितला तर लेखकाला बोनस. म्हणजे आकडे थोडे तरी उघडावे लागणार. ९९ टक्के लोकांनी त्याला होकार दिला. मी जिंकले जिंकले म्हणून टाळ्या वाजवणार नाही कारण त्यानंतर तिकडे कामच कमी झालंय, पण निदान हे तरी ४ सेंटवर अडकले नाहीत.

असो. त्या हार्ड डिस्कवरचा 'हिरोज'चा अकरावा भाग मी परवा परत लावला. कुपी निसटते, पीटर बघतो, मी तिथे पॉज केलं. छान केलाय हो तो सीन. घाईत केलाय हे आता दिसतं, पण काळजीने केलाय. मग दादाला फोन लावला आणि म्हटलं तेव्हा तुझं बरोबर होतं, अकराच आहेत, सॉरी. त्याला काही आठवेना. मी हे सगळं सांगितलं, संप, कुपी, बदललेला शेवट, तो आपला हं हं करत ऐकत होता, आणि मग म्हणाला, "ते सगळं ठीक आहे गं, पण 'पुशिंग डेझीज'चे ते शेवटचे तीन भाग आहेत का त्या डिस्कवर? माझे बघायचेच राहिलेत."

आहेत म्हटलं, रविवारी ये.